अंबुजाक्कांचा सरकता सा

आमच्या शेजारच्या अंबुजाक्कांच्या घरात एकाही यंत्राला झाकण नाही. मिक्सर उघडा, रेडिओ उघडा, टीव्हीचा रिमोट म्हणजे नुसती हिरवी पट्टी. पाहुण्यांना बेल दाबतानाही जपावं लागतं. कुणी विचारलंच तर त्या म्हणतात, “झाकून ठेवायला तें काय लोणचं आहे?”

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी बाजारातली एक इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी खोलली. गाणाऱ्याला सतत सूर देणारी ही पेटी तंजावुरात पुष्कळ घरांत असते. आत कंपनीने सगळं सर्किट काळ्या राळेत बुडवलं होतं. बिघडली तर फेका. अक्का आठवडाभर धुमसत होत्या. घरात मराठीत, रस्त्यावर तमिळमध्ये, आणि कंपनीच्या फोनवर इंग्रजीत.

मग त्यांनी स्वतःची पेटी बनवली आणि सर्किट, आराखडा, सुट्या भागांची नावं, सगळं इंटरनेटवर फुकट टाकलं. कुणीही बनवावी, बदलावी, विकावी. अट एकच: काय बिघडलं ते रविवारी येऊन सांगायचं.

बिघडायचंच. पेटी तापली की सा वर सरकायचा, आणि तंजावुरात न तापणारी वस्तू नाही. त्यामुळे दर रविवारी अक्कांची तिण्णै, म्हणजे दारापुढचा ओटा, भरलेली असे. वीणा शिकवणाऱ्या बाई, भजनी मंडळाचे गायक, पापनाशमहून बसने येणारी कॉलेजातली प्राध्यापिका रेवती. सगळे चिडून यायचे, अक्का त्यांच्याहून चिडायच्या. “हें सोल्डर कां? शेण थापलंस!” शिव्या आणि कॉफी, दोन्ही कडक. पण एकमेकांच्या पेट्या दुरुस्त करायला हे लोक त्या ओट्यावरच शिकले.

एका रविवारी रेवती आपल्या पेटीतला कपॅसिटर नावाचा एक भाग बदलून आली. पेटी दुपारभर तापली, सा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी तिला फाडून खाल्लं. भाग महाग आहे, गावात मिळत नाही, तुला कुणी सांगितलं होतं? रेवती पेटी उचलून बस गाठायला गेली. संध्याकाळी अक्कांनीच तो बदल रेवतीच्या नावाने इंटरनेटवर चढवला.

सगळ्यांनी तो भाग बाहेरून मागवून बसवला, आणि त्यानंतरचे रविवार ओटा रिकामा राहिला. एकदा मी डोकावलो, तर भांडंभर कॉफी गाळून त्या एकट्या बसल्या होत्या. रेवतीने दोष बरोबर शोधला, असं मी म्हणालो.

“शोधला? मला ठाऊक नव्हतं कां? जन्मभर उन्हात लाइनी सांभाळल्या मी.”

मग आधीच का बदललं नाही, असं मी विचारलं.

“बरी चाललेली पेटी घेऊन कोण येतंय रे?” त्या माझ्यावरच खेकसल्या आणि आत गेल्या.

हे मी रेवतीला फोनवर सांगितलं. बाकी काही सुचवलं नाही.

पुढच्या रविवारी रेवती, वीणेच्या बाई आणि भजनी मंडळातले एक गायक ओट्यावर हजर. तिघांच्याही पेट्या मुक्या. अक्कांनी एक उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. तिन्हींत तीच लाल तार, त्याच जागी, कटरने स्वच्छ कापलेली.

“तुटली, अक्का,” रेवती म्हणाली.

अक्का इतक्या जोरात ओरडल्या की समोरच्या घराची खिडकी उघडली. तार अशी तुटते कां, मला आंधळी समजता कां, लाज वाटत नाही कां. मग सोल्डरिंगची कांडी तापायला लावून त्यांनी तिघांना खाली बसवलं.

एक तार जोडायला मिनिटभर लागतं. जेवायची वेळ झाली तरी अक्कांनी एकही जोडली नव्हती.