खरकट्याचे चित्रकार

दामलेकाका बायकोला जेवल्यावर ताट उचलू देत नाहीत. काकू उठायला लागल्या की हात आडवा घालतात. "राहू दे. आत्ता कुठे ते बघण्यासारखं झालंय."

शारजाला अल नहदात ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. दिवसभर दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात, इन्शुरन्सच्या फायली बघायच्या आणि घरी येऊन उष्टं ताट रंगवायचं, हा त्यांचा नेम. गुरू कोण, तर साडेतीनशे वर्षांपूर्वी गेलेला एक डच चित्रकार. काका त्याला 'आमचे बुवा' म्हणतात.

"बुवांनी राजा काढला नाही, देव काढला नाही. जन्मभर काय काढलं? जेवून उठलेलं टेबल. अर्धं सोललेलं लिंबू, मोडलेला पाव, कलंडलेला पेला." बुवांच्या चरित्राबद्दल विचारलं तर म्हणतात, "फारसं कुणाला माहीत नाही. माणसानं काय खाल्लं नि काय टाकलं ते कळलं, आणखी काय हवं?"

माझी मुलगी म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट लेफ्टओव्हर्स."

"एक्झॅक्टली, बेटा," काका खूश.

मला मात्र राग यायचा. गेल्या वर्षी काकूंचं मोठं आजारपण झालं. त्यातून उठल्या, पण अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. वजन वाढलं नाही तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि नेमके तेव्हाच ह्यांना बुवा सापडले. बायको अशी, आणि ह्यांना चित्रं सुचतात!

मग बुवांचं एक चित्र अबू धाबीला प्रदर्शनात आलं. काका आम्हाला ओढूनच घेऊन गेले. खरं सांगते, त्या लिंबापुढे मी राग विसरले. साल टेबलाखाली लोंबत होती आणि फोड इतकी ओली, की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काढणाऱ्याची माती झाली, लिंबू अजून ताजं. शेवटी गार्ड आला. "खलास हबीबी, क्लोजिंग." काका त्यालाच म्हणाले, "भाई, तू भी देख ना जरा." तोही बिचारा बघत उभा राहिला.

पण गुरूचं एक चित्र अपुरं नाही आणि शिष्याचं एक पूर्ण नाही. काकांच्या भिंतीवर सगळ्या भाकऱ्या अर्ध्याच रंगवलेल्या, वाट्या नुसत्या पेन्सिलीच्या. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काका, बुवा रागावतील हं." म्हणाले, "होईल पूर्ण, इन्शाल्ला."

परवा शनिवारी दुपारी घारगे द्यायला गेले. टेबलावर काकूंचं ताट, त्यात एक तुकडा मोडून टाकलेलं थालीपीठ. काका एक डोळा मिटून, ब्रश नाचवत बसलेले. काकूंची चुळबुळ चाललेली.

"अहो, किती वेळ? खरकटं वाळतंय."

"थांब, कड जमली नाही अजून."

"अन्न असं ताटकळत ठेवू नये. लक्ष्मी रागावते." काकूंनी रागारागानं एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. टाकलेलं अन्न डोळ्यांसमोर वाळू द्यायचं नाही, ही त्यांच्या माहेरची शिस्त. बोलता बोलता थालीपीठ संपलं.

"अगं, माझं चित्र खाल्लंस तू."

"मग उद्या भराभर काढा," म्हणत काकू ताट घेऊन आत गेल्या.

कागदावर फक्त ताटाचा गोल होता. मी काकांकडे बघितलं. "तुम्ही मुद्दाम..."

"हळू बोल," ते कुजबुजले. "आग्रह केला की रडते गं ती. टाकलेलं मात्र तिला बघवत नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "आज अख्खं थालीपीठ. कोपरासुद्धा ठेवला नाही."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. भिंतीवरची ती सगळी चित्रं मी पुन्हा एकदा पाहिली. जिथे जिथे रंग थांबला होता, तिथे काकूंनी पुढचा घास घेतला होता.