हरेश्वरकाका आणि माणसाळवलेली पिल्लं

नरपडला हरेश्वरकाकांच्या घरी कुणीही गेलं, अगदी मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूसही, की त्याच्या मांडीवर आधी मांजराचं पिल्लू ठेवलं जातं. "दहा मिनिटं बसा. त्याला तुमचा वास कळू दे." कामाचं मग.

काकांची चिकूची वाडी आहे. तिच्या फाटकाशी लोक आईविना पिल्लं खोक्यात घालून सोडून जातात. काका ती वाढवतात, डहाणूला नेऊन लस टोचून आणतात आणि अडीच महिन्यांची झाली की चांगलं घर बघून देऊन टाकतात. "पिल्लाला समाजात वावरता आलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. ते म्हणणारा गृहस्थ पंधरा वर्षांत एकाही लग्नाला गेलेला नाही. सख्ख्या भावाशी बोलत नाही आणि मी त्यांचा शेजारी, तर माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाही.

शिक्षण मात्र कडक. सकाळी पिल्लांना कुकरची शिट्टी ऐकवायची, दुपारी मिक्सर, संध्याकाळी टीव्हीवर गुजराती बातम्या. गुजराती कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, उद्या पिल्लू उंबरगावला गेलं तर तिथे त्याने बावरायचं का?

वरोरहून मासे घेऊन येणाऱ्या जयाबाईंनाही पिल्लू धरल्याशिवाय सुटका नाही. एकदा त्या पिल्लू परत देताना शांतपणे म्हणाल्या, "हे आलं माणसात. तुम्ही कधी येणार?" काका पुढचे आठ दिवस भाजीवर राहिले.

पिल्लू मागायला येणाऱ्यांची तर चौकशीच होते. एका जोडप्याला त्यांनी परत पाठवलं, कारण नवरा बायकोचं बोलणं मधेच तोडत होता. "तो पिल्लाचं काय ऐकणार?" असं मला म्हणाले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी फाटक लावून घेतलं.

मग भुरी आली. माणूस दिसला की फिस्कारायची आणि फ्रिजमागे शिरायची. काका तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि मोठ्याने पेपर वाचायचे, निधनवार्तांसकट. असे तीन आठवडे गेले. गुडघे धरले, तेव्हा मीच त्यांना मलम आणून दिलं. एका दुपारी भुरी बाहेर आली आणि त्यांच्या मांडीवर झोपली. काका दोन तास हलले नाहीत. फोन वाजत राहिला.

पुढे तलासरीहून एक शिक्षिका मुलीला घेऊन आल्या. मुलगी भुरीच्या मागे धावली नाही, कोपऱ्यात गप्प बसून राहिली. भुरी आपणहून तिच्यापाशी गेली. काकांनी नेहमीचे सतरा प्रश्न विचारलेच नाहीत. "न्या," एवढंच म्हणाले.

महिन्याने आम्ही माझ्या स्कूटरवरून तलासरीला तपासणीला गेलो. भुरी चांगली गुबगुबीत झाली होती. तिने काकांची पावलं हुंगली आणि सरळ मुलीच्या मांडीवर जाऊन बसली. शिक्षिका बिचाऱ्या ओशाळल्या.

काका म्हणाले, "उत्तम. मला विसरली म्हणजे माझं काम नीट झालं."

परतताना त्यांनी रस्त्याला नावं ठेवली नाहीत, माझ्या गाडी चालवण्यालाही नाहीत.

फाटकाशी उतरून ते तिथेच उभे राहिले. घरात त्या आठवड्यात एकही पिल्लू नव्हतं.

"आत या ना थोडं," ते म्हणाले. "काम काही नाही."

मी गेलो. त्यांनी चहा केला, फार गोड झाला. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि जन्मापासून काकांच्या कुंपणापलीकडेच राहतो.

"तुमच्या मुलाचं नाव काय हो?" काकांनी विचारलं.