दाजींच्या इंजिनाचा मुहूर्त

माझ्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. बोर्लीच्या भर बाजारात, सोडे घ्यायला आलेल्या बायकांच्या देखत, आमचे शेजारी दाजी ओरडले, "काय रे विनायका, शिमग्यापर्यंत तुझ्याकडे काही नाही ना?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हातातली पिशवी या माणसाच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं.

तुम्ही म्हणाल, दाजी चावट असतील. छे! त्यांना फक्त मोटारीचं इंजिन बदलायचं होतं.

त्या काळी गावात मोटार एकच, दाजींची, जुनी विलायती. अडलेल्या बाईला श्रीवर्धनच्या दवाखान्यात तीच न्यायची, तेही फुकट. पण इंजिन पार थकलं होतं. खिंडीच्या चढावर नवऱ्याने उतरून ढकलायचं. तसल्याच एका मोडक्या मोटारीचं इंजिन दाजींनी मचव्यातून आणवलं, आणि ते सुपारीच्या वाडीत गोणपाटाखाली पडून राहिलं.

कारण काय, तर माणसं जमेनात! धूड उचलायला दाजींना भरडखोलचे कोळीच हवेत. "होड्या ओढणारे हात आहेत ते. तुमचे नुसते पत्ते पिसणारे." कोळी रिकामे पावसाळ्यात, पण तेव्हा लाँच बंद, मोटारीवाचून गावाचं अडतं. उन्हाळ्यात इंजिन बसवणारा हुसेन मिस्त्री मोकळा, तर कोळी समुद्रावर. आणि दोघंही मोकळे असले, तर कुणाची तरी सून अवघडलेली. मग दाजी त्या घराच्या ओसरीवर जाऊन भांडत. चक्क भांडत! "सगळ्यांनी एकदमच का? जरा पाळीपाळीने घ्याल की नाही?"

अखेर शिमग्याला होड्या किनाऱ्याला लागल्या आणि दाजींचा मुहूर्त ठरला. घरोघर चौकशी झाली. मिस्त्रीने रेडिएटर काढला, कोळ्यांनी आंब्याच्या फांदीवरून दोर घेऊन जुन्या इंजिनाला बांधला, आणि कुंभारवाड्यातला गणू धावत आला. बायको अडली होती, दिवस भरायच्या आधीच.

"सोडा दोर!" दाजी गरजले. "रेडिएटर परत बसवा."

कोळ्यांचा तांडेल भडकला. "शिमगा टाकून आलो आमी, दाजी. परत न्हाय येनार."

"नका येऊ!" दाजींनी बाह्या सारल्या आणि स्वतःच रेडिएटर उचलला. तासाभराने मोटार धापा टाकत निघाली.

संध्याकाळी ते परतले. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. माझा मात्र नुसता संताप झाला होता. एवढी खटपट, एवढी बोलणी खाल्ली, सगळं पाण्यात! मी म्हणालो, "मोटार जोडत बसलात त्यापेक्षा बैलगाडी का नाही दिलीत?"

दाजींची बायको मी जन्मायच्या आधीच वारली, एवढंच मला ठाऊक होतं.

दाजी बोनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला नाही.

"आमच्या हिला बैलगाडीनंच नेली होती रे. सगळा चढ मला हाका मारत होती. उतार लागला आणि गप्प झाली. मला वाटलं, डोळा लागला."