नामदेवमामांचं कोर्ट

कोर्टाची मालिका बघायची असेल तर नामदेवमामांच्या घरी जाऊ नये. ऐन साक्षीच्या वेळी ते टीव्हीचा आवाज बंद करतात.

वरवंडला आमच्या बुद्धविहाराला लागून त्यांचं घर. दुपारी मालिका पुन्हा दाखवतात, तेव्हा अर्धी आळी तिथं असते. कूलरला वाळ्याचा वास, लांबून हायवेची गुणगुण. बसल्या बसल्या सगळं तरंगायला लागतं. तेवढ्यात मामा गरजतात, "हरकत हाय!"

हरकत बहुतेक आडनावाला असते. पडद्यावर नवा वकील आला की मला विचारणार, "ताई, तू शिकल्याली. ह्याचं आडनाव काय?" आमच्या घरातली पहिली बी.ए. मीच, तेव्हा हे खातं माझ्याकडं. मी सांगते.

"आन् जजचं?"

तेही सांगते.

"मंग आपलं कोन हाय ह्यात?"

"पट्टेवाला असेल, मामा."

"व्हय. साहेबाला पाणी द्यायला आपन हायेच."

फिर्यादी मात्र हटकून आपली. वस्तीतली पोरगी, विटकी साडी, डोळ्यांना धार. "नुसती रडती. तोंड न्हाई व्हय हिला?" म्हणत मामा रिमोट दाबतात आणि तिची साक्ष स्वतः देतात. ओठ पोरीचे हलतात, मिशा मामांच्या. शेजारची पारूआत्या करवादते, "आवाज सोडा की! खून कुनी केला ते तरी कळू द्या."

"खुनी उद्या बी सापडंल, पारू. साक्ष आज हाय."

परवा अशीच एक पोरगी पिंजऱ्यात उभी राहिली. मामांनी आवाज घालवला आणि म्हणाले, "माझं नाव शांताबाई."

पोरं फिदीफिदी हसली. पारूआत्यानं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

शांतामामी म्हणजे मामांची बायको. आता ती नाही. पुतण्याची वरात पेठेतून नेली म्हणून दगड पडले होते, तेव्हा मामा रेल्वेच्या ड्युटीवर होते. कोर्टात साक्षीला मामीच उभी राहिली. समोरच्या वकिलानं दरडावलं, "विचारलं तेवढंच सांगा." मामी गप्प झाली. घरी येऊनही त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही, मामांशीसुद्धा.

मामा आता मामीची साक्ष देत होते. बँड, दिवे, नवरदेवाच्या फेट्यावर आलेला पहिला दगड. आणि तिथं अडकले. पुढचं त्यांना ठाऊकच नव्हतं. पडद्यावरची पोरगी बिनआवाजाची बोलत राहिली, मामा तिच्या ओठांकडं बघत राहिले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सांगा बाई. सगळं सांगा. आम्ही ऐकतोय."

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"बोल शांता," ते हळूच म्हणाले, "कुनाला घाई न्हाई. आदी बस जरा."

आणि कॉटवर सरकून त्यांनी शेजारी जागा केली.