पाठकोऱ्या पत्रिका

देवरे भाऊसाहेबांना कोणी लग्नपत्रिका दिली की ते वरचा गणपती बघत नाहीत, नवरा-नवरीची नावं बघत नाहीत, मुहूर्तही बघत नाहीत. आधी ती उलटी करतात. पाठकोरी निघाली तर चेहरा खुलतो आणि "येणार म्हणजे येणार" असा शब्द मिळतो. मागेही मजकूर छापलेला असला तर म्हणतात, "बघू. त्या दिवशी काम शे जरा." आमच्या ऑफिसात लग्न ठरलं की आता लोकच घरी बजावतात, मागची बाजू मोकळी सोडा, देवऱ्यांना बोलवायचंय.

पत्रिका हातात आली की लग्न लागायची वाट न बघता तिचे चार तुकडे होतात. कोऱ्या बाजूला प्रश्न. छापील बाजूला, वधूच्या दोन मामांच्या नावांमध्ये जी काही फट असेल तिथे, मुंगीएवढ्या अक्षरात उत्तर. कोपऱ्याला पंचने भोक आणि त्यातून फायलीचा लाल टॅग. असा एक गठ्ठा शर्टाच्या खिशात आणि दुसरा स्कूटरच्या डिकीत. द्वारका चौकातल्या सिग्नलला ते गठ्ठा काढून बसतात. सिग्नल हिरवा होतो, पण यांचं उत्तर अजून यायचं असतं, आणि मागची अख्खी रांग हॉर्न वाजवत राहते.

हा सगळा खटाटोप खात्याच्या परीक्षेसाठी. सरकारी कारकुनाला नोकरी लागल्यावरही एक परीक्षा द्यावी लागते. रजेचे नियम, शिस्तीचे नियम, निवृत्तीचे नियम. पुस्तकं अशी जाड की उशाला घेतली तर मान धरेल. ती मलाही द्यायची होती. मी वडील गेल्यावर त्यांच्या जागी, अनुकंपा तत्त्वावर लागलेली. पहिल्या संधीला नापास झाले तेव्हा ऑफिसात सगळे इतके गोड वागायला लागले की जीव नकोसा झाला. "काही अडलं तर विचार हं, तुझे बाबा फार चांगले होते." मी कुणालाही काही विचारलं नाही. दोन संधी उरल्या होत्या. त्या गेल्या की ज्येष्ठता जाणार, मागून आलेले पुढे जाणार आणि "बापाच्या पुण्याईवर लागलेली" हा शिक्का जन्मभर राहणार.

त्याच सुमारास देवरे मालेगावहून बदलून आले. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं सटाण्याकडचं. तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी उभे.

"ताई, तुम्ही परीक्षेला बसताय ना? माझ्यावर उपकार करा. मन्हं डोकं म्हणजे चाळणी शे. तुम्ही विचारा, मी सांगतो. चुकलं तर कान धरा."

इतका वयस्कर माणूस अजून नापास, हे ऐकून मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मी गठ्ठा हातात घेतला.

"परिवर्तित रजा घेतली तर अर्धपगारी रजेतून किती वजा?"

देवऱ्यांनी डोळे मिटले. "विंचूरचं लग्न. निकमांचं. व्याही एक जिलेबी मागे, वाढपी दोन टाके."

"भाऊसाहेब, नियम विचारलाय, पंगत नाही."

"थांबा ना ताई. व्हई जाई."

"दुप्पट वजा होते," मीच शेवटी सांगितलं. "दहा दिवस रजा घेतली तर वीस जातात."

"अस्सं. म्हणजे जिलेबीसारखंच."

हे रोज. प्रश्न कोणताही असो, त्यांना नियमाऐवजी लग्नच आठवायचं. निलंबन म्हटलं की वणीची वरात, जिच्यात नवरदेव घोड्यावरून उतरायला तयार नव्हता. बिनपगारी असाधारण रजा म्हटलं की न जेवता निघून गेलेले मामा. त्यांचं चुकायचं आणि मी वैतागून बरोबर करायचे. कधी तर घरून वाचून यायचे, केवळ या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडावा म्हणून. एवढ्या साध्या गोष्टी यांना कळत कशा नाहीत, असं आईपाशी बोलूनही दाखवायचे.

परीक्षेत परिवर्तित रजेचा प्रश्न आला. मला आधी जिलेबी आठवली, मग नियम. पेपरभर हेच झालं. मी पास झाले. पेढे वाटले. देवऱ्यांनी दोन घेतले आणि "आमचं बघू पुढच्या वेळी" म्हणाले. मला वरच्या मजल्यावर आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदींचं, टेबल मिळालं. वर बायकांचा डब्याचा घोळका होता, मी त्यात रमले. तीन आठवडे खाली जेवायला गेलेच नाही.

मग एक दिवस सेवापुस्तकांत नोंदी करताना देवऱ्यांचं पुस्तक हाती आलं. पान उलटलं आणि नोंद दिसली. विभागीय परीक्षा, पहिल्याच संधीत उत्तीर्ण. तारीख बघितली, तेव्हा मी बालवाडीत होते.

आधी राग आला. दीड वर्ष रोज या माणसाने मला वेड्यात काढलं. तशीच पुस्तक घेऊन खाली गेले. दुपारची सुट्टी होती. देवरे टेबलाशी एकटेच जेवत होते. डब्याशेजारी गठ्ठा पडलेला, पण उघडलेला नव्हता.

"हे काय आहे, भाऊसाहेब?"

त्यांनी चष्मा लावून नोंद वाचली. चोरी सापडल्यासारखे हसले.

"शिकवतो म्हटलं असतं तर शिकल्या असत्या तुम्ही?"

नसते शिकले. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मला सांगायचं तरी. पास झाल्यावर तरी."

देवऱ्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मालेगावला मी याच गठ्ठ्यांवर पहिल्या झटक्यात पास झालो, ताई, तो नाद अजून सुटला नाही. साहेब लोक हुशार म्हणायला लागले. मग जवळ कोणी येईना. बायको वारली, पोरगी सासरी गेली. अकरा वर्षं एकट्याने डबा खाल्ला. पास झालेल्याशेजारी कोण बसतं? नापासाला सगळे शिकवायला येतात. दीड वर्ष तुम्ही रोज आल्या ना."

मला रडू आलं. इथं माझ्याशेजारी बसायला मिळावं म्हणून हा माणूस दीड वर्ष नापास राहिला होता, आणि पास होताच मी वर निघून गेले होते.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "वरचं टेबल चांगलं शे."

मी वर गेले, सेवापुस्तक कपाटात ठेवलं आणि माझा डबा घेऊन खाली आले.