सात नंबरचा पहारेकरी

आयुष्यात आपण एकदाही चुकीच्या माणसाला चुकीच्या माणसाशी जोडलं नाही, असं सात नंबरचं ठाम म्हणणं होतं. तिच्या लग्नाचा विषय काढू नका, ती जोडणी तिच्या वडिलांनी केली होती. पण टेलिफोन एक्सचेंजमधली एकोणतीस वर्षं धरली, तर तिचं म्हणणं बरंचसं खरं होतं. तेव्हा फोन उचलला की आधी ऑपरेटर बोलायची, मग बोर्डात वायर खुपसून तुम्हाला हवा तो माणूस गाठून द्यायची. बारा बोर्ड आणि बारा बायका, सगळ्या एका लांब भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. कामावर नावानं कुणी कुणाला हाक मारायचं नाही. सातव्या बोर्डावर बसणारी ती सात, तिच्या शेजारची ती आठ. सवय इतकी हाडीमाशी खिळली, की घरी नवऱ्यानं नावानं हाक मारली तर ही आधी इकडेतिकडे बघायची, बोलावतायत कुणाला म्हणून.

पुढे यंत्रं आली, बोर्ड निघाले, बायका पांगल्या. त्याला झाली बावीस वर्षं. आता ती इमारतच पाडणार असं कानावर आलं, तेव्हा सात तडक तिथल्या साहेबांकडे गेली आणि शनिवारी अकरा ते बारा जुनी खोली उघडून द्यायचं कबूल करून घेऊनच खुर्चीवरून उठली. दोघी देवाघरी गेल्या होत्या. तिला धरून उरल्या दहा, म्हणजे नऊ जणींना गोळा करायचं होतं.

खरं सांगायचं तर तिला हवी होती आठ. बाकीच्या आल्या तर सोन्याहून पिवळं, पण आठ यायलाच हवी होती. दोघी एकोणीस वर्षं खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. एकीला खोकला आला तर दुसरी तिची लाइन घ्यायची. शेवटच्या दिवशी त्यांचं ठरलं होतं, की सुटल्यावर फाटकापाशी भेटायचं, काय रडायचं ते एकदाच रडून घ्यायचं आणि पत्ते द्यायचे. सातला ते झेपलं नाही. ती सायकली लावायच्या बाजूनं गुपचूप निघून गेली. पुढे आठच्या नवऱ्याची बदली झाली, ती गाव सोडून गेली आणि राहिलं ते राहिलंच. आठ बिचारी फाटकाशी किती वेळ उभी राहिली असेल, हे अजूनही भांडी आवरताना मध्येच सातच्या मनात येई आणि तिचे हात थांबत.

तर सातनं फोनवर ग्रुप काढला. पेन्शनच्या कचेरीतल्या कारकुनानं त्याची लिंक जुन्या लोकांना पाठवली. जुन्या लोकांनी ती सगळ्या जगाला पाठवली. दोन दिवसांत ग्रुपात शिरायला चाळीस जणांच्या विनंत्या आल्या, त्यांत घोरणं थांबवणारी उशी विकणाराही होता.

सून कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. ती म्हणाली, "आई, याला एक बॉट लावू या. आत येणाऱ्याला तोच प्रश्न विचारेल. उत्तर बरोबर आलं तर आत घेईल, तीनदा चुकलं तर कायमचं बंद."

सातला ही कल्पना फार आवडली. तिनं बॉटचं नाव पहारेकरी ठेवलं आणि प्रश्न स्वतः काढले. आपलं नाव काय? आपण कितव्या बोर्डावर बसत होता? शेजारी कोण बसायचं? सून म्हणाली, प्रश्न जरा सोपे वाटतात, नाव काय कुठलंही चालेल आणि बोर्डाचा आकडा कुणीही ठोकून देईल. सात म्हणाली, "मी एका वेळी सोळा लाइनी सांभाळल्यात. मला चोर आणि साव कळतो."

पहिल्याच दिवशी तीन नंबर आत आली! सातला कोण आनंद झाला. तिनं संध्याकाळभर तीनशी गप्पा मारल्या. जुनी खोली आठवते का, विचारलं. तीन म्हणाली, खूप आठवते. तुझे गुडघे कसे आहेत, विचारलं. तीन म्हणाली, गुडघ्यांवर आमच्याकडे खास तेल आहे, दोन बाटल्यांवर एक मोफत. तीन पहिल्यापासूनच व्यवहारी, असं म्हणून सातनं कौतुक केलं. पाठोपाठ पाच आली, नऊ आली, मग आणखी एक नऊ आली. सातनं सगळ्यांना शनिवारचं आमंत्रण देऊन टाकलं, पत्त्यासकट. आठचा मात्र पत्ता नव्हता. बुधवार गेला, गुरुवार उजाडला, तसं तिचं जेवणावरून लक्ष उडालं.

शेवटी सुनेनं नाकारलेल्यांची यादी उघडली. उशीवाला तिथे नव्हता, तो पाच नंबर होऊन आत बसला होता. यादीत नऊ जण होते. पहारेकऱ्यानं नऊही जणांना नाव विचारलं होतं, आणि नऊही जणांनी तीन-तीनदा एकच उत्तर दिलं होतं, "माफ करा, ही माहिती देता येत नाही."

"काय उद्धट लोक आहेत," सून म्हणाली.

सातनं ते वाक्य स्वतःशीच पुटपुटून पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर एक्सचेंजच्या मोठ्या बाई उभ्या राहिल्या, चष्मा नाकावर आणि छडी हातात. कामावर रुजू झाल्याच्या दिवशी प्रत्येकीकडून त्यांनी हे वाक्य पन्नास वेळा म्हणून घेतलं होतं. लाइनीवर अनोळखी माणसानं तुमचं नाव विचारलं, बोर्ड विचारला, शेजारीण विचारली, तर हे आणि एवढंच सांगायचं. त्या बाई जाऊन पंधरा वर्षं झाली, पण त्यांच्या पोरी अजून हुकमात होत्या! आणि सातला हे सुचलं कसं नाही? कसं सुचणार? जन्मभर ती उत्तर द्यायचं नाकारत आली होती, प्रश्न विचारायची पाळी पहिल्यांदाच आली होती. तिला हसू आलं, आणि हसताहसताच डोळ्यांना पदर लावावा लागला. कुणीतरी त्या दिवसांचा दरवाजा उघडावा तसं झालं तिला.

"यांना आत घे. याच माझ्या आहेत," ती म्हणाली.

सुनेनं बंदी उठवायला घेतली तर पहारेकरीच जागचा हलेना. नऊ जणींनी त्याला नुसतं नाकारलं नव्हतं, प्रत्येकीनं रीतसर तक्रार नोंदवली होती. हा इसम बायकांना नाव-गाव विचारून छळतो, म्हणून! ज्या कंपनीच्या ॲपवर ग्रुप होता, तिनं पहारेकऱ्याला हाकलून दिलं होतं आणि ग्रुपाचं दारही बंद करून टाकलं होतं.

उरला फोन. सातनं यादीतले नंबर कागदावर उतरवले आणि एकेक फिरवायला सुरुवात केली. आठव्या बोर्डाची कोण ते यादीवरून कळत नव्हतं. आधीच्या पाच जणींना समजावता समजावता तिच्या घशाला कोरड पडली. सहाव्या नंबरवर फोन उचलला गेला आणि पलीकडून कुणी बोलेना. नाव आधी सांगायचं नाही, हा नियम सातलाही होता, तीही बोलेना. अर्धं मिनिट दोन्हीकडे नुसता श्वास. मग दोघी एकदमच म्हणाल्या, "कोण हवंय आपल्याला?"

तो आवाज! सत्तरीतही तसाच, शेवटी किंचित वर जाणारा.

"आठ," सात म्हणाली.

"सात? अगं, किती दिवसांनी. आणि ऐक, कुणी एक मेला पहारेकरी सगळ्यांना छळतोय. मी तक्रार केलीय त्याची. तू पण कर."

शनिवारी नऊच्या नऊ जणी आल्या. आणखी सतरा माणसं आली, ग्रुपातली. तेलवाला, उशीवाला, पंधरा दिवसांत इंग्रजी शिकवणारे मास्तर. आमंत्रण दिलेल्यांना हाकलायचं कसं? सातनं सगळ्यांना खुर्च्या दिल्या. तेलाच्या बाटल्या पहिल्या पंधरा मिनिटांत संपल्या, कारण गुडघे सगळ्यांचेच गेले होते.

भिंतीवर बारा बोर्डांचे फिकट चौकोन तेवढे राहिले होते. आठ आली ती काठी टेकत. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि दोघींना बोलायला काही सुचेना. एकोणीस वर्षं शेजारी बसल्या, पण एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोलायची सवयच नव्हती ना! शेवटी आठनं दोन खुर्च्या ओढल्या, भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या. दोघी बसल्या, खांद्याला खांदा लागला आणि सातचा बांध फुटला.

"शेवटच्या दिवशी मी पळून गेले. तू फाटकाशी वाट बघत राहिलीस. मला माफ कर गं."

आठनं काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

"मी कुठली फाटकाशी," ती म्हणाली. "मी सुटल्यासुटल्या कँटीनच्या मागच्या जिन्यानं निघून गेले. मला वाटलं तूच उभी असशील. बावीस वर्षं मला त्यापायी झोप नाही."

सातनं मान वळवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणजे फाटकाशी त्या दिवशी कुणीच नव्हतं!