अप्पांच्या गच्चीवरची भांग

अप्पा मोघे रोज सकाळी स्नानसंध्या आटोपून गच्चीवर येतात, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेलं भिंग उजव्या डोळ्यात बसवतात आणि भांगेच्या झाडासमोर ओणवे होतात. मग बराच वेळ काहीच होत नाही. मग ते सरळ होतात, कंबर चोळतात, "नाही," असं म्हणतात आणि शेंड्याकडची एक डहाळी खुडून जिना उतरतात.

मी त्यांची भाडेकरू. बँकेच्या बदलीवर नाशिकहून बनारसला आले, तेव्हा दुर्गाघाटामागच्या गल्लीत मराठी घरमालक मिळतोय म्हटल्यावर खोली न बघताच होकार देऊन टाकला. खोली गच्चीला लागून आहे हे आल्यावर कळलं. गच्चीवर काय आहे हे कळायला आणखी थोडा वेळ गेला. पहिल्याच दिवशी मी त्या कुंड्यांना झेंडू समजून पाणी घातलं. अप्पा वर आले आणि ओल्या मातीकडे बघत राहिले.

"बँकवाल्या ताई," ते म्हणाले, "ही विजया आहे. म्हणजे भांग. हिला पाणी कधी द्यायचं ते ती सांगते. आपण मनानं देत नाही."

मी क्षमा मागितली. अप्पांकडे की झाडाकडे, ते अजून स्पष्ट नाही.

मोघ्यांच्या किती पिढ्या काशीत गेल्या ते घरात कुणालाच सांगता येत नाही. त्यांचं मराठी पेशवाईत निघालं आणि वाटेत हिंदीच्या घरी मुक्काम करत करत इथवर आलं. "ताई, जरा सबूर करा, नळ अभी आला नाही," हे शुद्ध मराठी आहे अशी अप्पांची समजूत आहे, आणि त्यांनी जन्मभर पाठशाळेत व्याकरण शिकवलं असल्यामुळे त्यांना कुणी बोलत नाही.

भांग ते स्वतः घेत नाहीत. तरुणपणी एकदाच घेतली होती, परीक्षेच्या आदल्या दिवशी. "पेपरात एकच सूत्र लिहिलं," ते म्हणाले, "पण सगळ्या पानांवर." शिवाय भांग हवीच असेल तर गल्लीच्या तोंडाशी सरकारमान्य दुकान आहे. तरी दरवर्षी थंडी पडायच्या आधी अप्पा बी पेरतात, नर रोपं ओळखून उपटून टाकतात आणि उरलेल्यांची बडदास्त ठेवतात. माझ्या वकील भावाला मी फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, कायद्यात पानं बसतात, फुलं बसत नाहीत आणि झाड लावणं तर मुळीच बसत नाही. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झाड एकच आहे. त्याचे तुकडे वकिलांनी केले."

झाड तयार झालं हे ओळखायची अप्पांची शास्त्रं आहेत. कळ्यांमधून पांढऱ्या मिशा फुटतात, त्या पिंगट व्हायला हव्यात. बोटाला चीक लागला पाहिजे आणि तो साबणाने जाता कामा नये. खालची पानं पिवळी पडायला हवीत, "पण रुसल्यासारखी नाही, म्हातारी झाल्यासारखी." वास आधी कच्च्या कैरीचा येतो. नंतर कसला यायला हवा, ते अप्पांनी मला अनेकदा समजावलं. मी अनेकदा मान डोलावली.

समोरच्या घरातले मिश्राजी या शास्त्रांचे विरोधक. ते आपल्या खिडकीतून विचारायचे, "का गुरु, हो गइल?"

"नाही," अप्पा मराठीत म्हणायचे.

"पत्ता चबा के देखा?"

"चावून कळायला ती मेथी नाही," अप्पा माझ्याकडे बघून म्हणायचे. मिश्राजींना मराठी येत नाही, पण ते रागवायचे बरोबर.

महाशिवरात्र आली. मोहल्ल्याने बदाम, बडीशेप, मिरे आणून ठेवले. अप्पांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "नाही." मिश्राजींनी दुकानातली भांग आणून घोटली आणि बाजारची चव लागते असं प्रत्येक पेल्याला म्हणाले. मलाही आता शंका यायला लागली होती. मिशा पिंगट होऊन तपकिरी व्हायला आल्या होत्या. माझी बोटं बँकेत नोटांना चिकटत होती.

त्यातच हवालदार आला. शेजारच्या घराचं नवं गेस्ट हाउस झालं होतं. तिथल्या एका पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं की खोली लहान आहे, पण वास उत्तम येतो. मालक घाबरला आणि त्याने चौकीत सांगितलं.

"ये क्या है, पंडित जी?" हवालदाराने धापा टाकत विचारलं.

"विजया. महादेव की."

"किसकी?"

"महादेव की."

"वो तो ठीक है. गमले किसके हैं?" त्याने कुंडीला काठी लावून विचारलं.

अप्पांनी थोडा विचार केला आणि भिंग त्याच्यापुढे धरलं. हवालदाराने टोपी काढून माझ्याकडे दिली आणि ओणवा झाला. बराच वेळ काही झालं नाही.

"ये तो हो गया है," तो सरळ होत म्हणाला. "कब का हो गया. गाँव में हमारे बाबा इतना रुकते तो दादी घर से निकाल देतीं." मग त्याने टोपी घेतली. "होली तक हटा लीजिए. आज मैंने गेंदा देखा है. होली के बाद जो देखूँगा, वही देखूँगा." गेंदा म्हणजे झेंडू; पहिल्या दिवशी मीही तोच बघितला होता.

होळीच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, खरं सांगा. तयार झाली आहे ना?"

"मला कळून काय उपयोग," ते म्हणाले. "दादाला विचारल्याशिवाय या घरात भांग कापत नाहीत."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. तळमजल्यावर राहतात. तीर्थयात्रेला येणाऱ्या मराठी लोकांचे उपाध्ये म्हणून भोसले घाटापासून शिंदे घाटापर्यंत त्यांना ओळखत नाही असा नावाडी नव्हता. आता तेच कुणाला ओळखत नाहीत. मी भेटले की हात जोडून म्हणतात, "यावं. आपण कोणत्या गावच्या?" रोज मी नाशिक सांगते आणि रोज त्यांना आनंद होतो. दोघांच्याही बायका गेल्या, मुलं पुण्याबंगलोरकडे. स्वयंपाकाला बाई येते. बाकी दादांना न्हाऊमाखू अप्पाच घालतात.

त्या दिवशी मी अप्पांबरोबर खाली गेले. एरवी त्या वेळेला मी बँकेच्या वाटेवर असते, रविवारी धुण्याच्या बादलीशी, त्यामुळे खुडलेल्या डहाळीचं पुढे काय होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं.

दादा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांनी अप्पांना हात जोडले. "यावं, बसावं. आपलं नाव?"

"मी अप्पा."

"छान. प्रवास ठीक झाला ना आपला?"

अप्पांनी डहाळी त्यांच्या हातात दिली. दादांनी ती अंगठ्याखाली चुरली, नाकाशी नेली आणि त्यांचा चेहराच बदलला. कपाळावर आठी आली.

"अप्प्या, ही कुठून खुडलीस? शेंड्याची आणायची म्हणून किती वेळा सांगायचं? तुला काय कळतं?"

"शेंड्याचीच आहे, दादा."

"मग धडधडीत तयार झाली आहे. काप."

अप्पा खाली बसले होते. ते दादांच्या गुडघ्याशी सरकले. "अजून जरा थांबलो तर? मला वाटतं, अजून—"

"तुला वाटून काय होतंय? बी धरेल. काप म्हणतो ना."

इतकं बोलून दादांनी डहाळी खिडकीत ठेवली, थोडा वेळ बाहेर बघितलं, आणि मग वळून अप्पांना हात जोडले. "यावं. आपलं नाव?"

अप्पांनी जिना चढताना एकदाच नाक ओढलं. "रोज म्हणायचा, कच्ची आहे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, या साली तसंच म्हणत राहील."

संध्याकाळी त्यांनी झाडं कापली. मी कात्री दिली. होळीला मिश्राजींनी पाट्यावर भांग घोटली आणि पहिल्यांदाच काही विरोध न करता प्यायले. दादांना वाटीत नुसती थंडाई दिली. "वेलची जरा कमी पडली आपली," ते अप्पांना म्हणाले, "पण फार श्रम घेतलेत."

त्यानंतरचे दिवस अप्पांना वाईट गेले. दादा त्यांच्याशी सकाळ-संध्याकाळ अतिशय सभ्यपणे वागत होते. अप्पांनी तुळस नेऊन दाखवली; दादांनी ती डोळ्यांना लावली आणि आभार मानले. पेरूचं पान नेलं, "सुंदर," म्हणाले. रिकाम्या कुंड्या गच्चीत पडून होत्या. हवालदार सांगितल्याप्रमाणे आला, त्याने कुंड्यांत डोकावलं आणि तोही जरा हिरमुसला.

मग एका रविवारी अप्पा बाजारातून वांग्याची रोपं घेऊन आले.

"दादांना वांग्यातलं कळतं?" मी विचारलं.

"काहीच नाही. जन्मात भाजी आणायला गेला नाही."

"मग?"

"तरी मत असेल त्याचं," अप्पा म्हणाले.

त्यांनी एक कुंडी खाली नेली आणि दादांच्या पायाशी ठेवली. दादांनी हात जोडले. "यावं. आपण—"

अप्पांनी तांब्या उचलला आणि त्या एवढ्याशा रोपावर पाणी ओतायला सुरुवात केली. कुंडी भरली. माती तरंगायला लागली. पाणी काठावरून फरशीवर आलं, अप्पांचं धोतर भिजलं, तरी ते ओततच होते. दादा बघत होते. जोडलेले हात हळूहळू खाली आले. मी दारात उभी होते आणि फडकं आणायला जावं की थांबावं ते मला ठरवता येईना.

"बुडवतोस काय रे त्याला?" दादा म्हणाले, आणि वाकून त्यांनी तांब्या अप्पांच्या हातातून काढून घेतला.